फलाटावर पेटी कुठे ठेवायची?

मंडणगड तालुक्यातून रेल्वेचा रूळ जात नाही. वीर सोडलं की कोकण रेल्वे करंजाडी, विन्हेरे, दिवाणखवटी, कळंबणी करत खेडला येते आणि आमचा तालुका तिच्या पश्चिमेला डोंगरात राहतो. गाडी धरायची तर कुणी खेड गाठतं, कुणी म्हाप्रळ-आंबेतवरून माणगाव. तरी आमच्या घरात रेल्वेचा विषय भरल्या ताटावरही निघतो, कारण मामांची सगळी नोकरी मालधक्क्यावर गेली. मालबाबू म्हणून लागले आणि मालबाबू म्हणूनच निवृत्त झाले. मी आंबा-काजूवाली. बाग लहान, गिऱ्हाईक ठाण्या-पुण्यापर्यंत पसरलेलं, आणि दर उन्हाळ्यात एकच घोर: शंभर पेट्यांसाठी अख्खा टेंपो करायचा की कुणाचा अर्धा भरलेला टेंपो मिळेपर्यंत आंबा घरात पिकू द्यायचा.

यंदा ठरवलं, खेड स्टेशनातून प्रवासी गाडीने पेट्या पाठवण्याची सोय मागणारा अर्ज कोकण रेल्वेला करायचा. मसुदा मामांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पहिली चार वाक्यं वाचली, कागद खाली ठेवला आणि म्हणाले, प्रवाशांचा फलाट मालाला मागू नकोस. तिथून जे सुरू झालं ते दोन संध्याकाळी चाललं. मला महत्त्वाचं वाटलं तेवढं इथे उतरवते आहे.

मी : मामा, तो फलाट दिवसातला बहुतेक वेळ रिकामा असतो हो. गाडी आली की जरा धावपळ, मग पुन्हा नुसती बाकडी. त्याच्या एका टोकाला माझ्या शंभर पेट्या तासभर राहिल्या तर कुणाचं काय बिघडतं?

मामा : तासभर राहिल्या तर कुणाचंच बिघडत नाही. त्या तासातली शेवटची दोन मिनिटं मला दिसतात. तुझी पेटी पाच डझनांची. भरून किती वजन होतं?

मी : वीस किलो तरी. फळ मोठं असेल तर जास्तच.

मामा : म्हणजे शंभर पेट्या दोन टन. खेडला गाडी थांबते जेमतेम दोन मिनिटं. गार्डाच्या डब्याशेजारी मालाचा कप्पा, त्याचं दार एक. खाली एक हमाल, वर एक. खालच्याने उचलायची, वरच्याने घ्यायची, आत वळून रचायची. हात बसलेले असले तरी एका पेटीला चार-पाच सेकंद जाणारच. शंभर पेट्यांना किती होतात ते कर. आणि फळ आहे ते, विटा नव्हेत. फेकता येत नाहीत.

मी : सात-आठ मिनिटं होतात. मग थांबा दहा मिनिटांचा करा असं मागू. आंब्याचे दोन महिने, एकाच गाडीला.

मामा : दहा मिनिटं खेडपुरती नसतात गं. रोहा ते वीर सत्तेचाळीस किलोमीटरचा मार्ग २०२१ च्या ऑगस्टमध्ये दुहेरी झाला. वीरच्या खाली मार्ग एकेरी. तुझी गाडी खेडला दहा मिनिटं उभी राहिली की समोरून येणारी कुठल्या तरी स्टेशनात तिची वाट बघत उभी. तिच्यामागची आणखी मागे. रात्रीपर्यंत कुठे तरी कुणाचं तरी मूल भुकेनं रडत असतं, आणि गाडी का थांबली आहे ते कुणालाच ठाऊक नसतं.

ही गोष्ट आमच्याकडच्या बागायतदारांच्या ध्यानात येत नाही, म्हणून इथे थांबून सांगते. आपण फलाट बघतो, तो मोकळा दिसतो आणि आपल्याला वाटतं की जागा आहे. रेल्वे मात्र जागेच्या हिशोबाने चालत नाही, वेळेच्या हिशोबाने चालते, आणि एकेरी मार्गावर वेळ दोन्ही बाजूंनी कापला जातो. जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीजवळ बोगद्याच्या तोंडाशी दरड आली तेव्हा एका जागच्या चिखलाने सगळा मार्ग अडला, गाड्या जिथल्या तिथे थांबल्या. त्या वेळी सगळ्यांना कळलं की आपला आधार एका रुळावर आहे.

मी : पण मालाला तुम्ही उपरा का धरता? रेल्वेच्या कमाईत साधारण दोन तृतीयांश वाटा मालाचा आहे. तिकिटावर छापून यायचं ना, की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी सत्तावन्न टक्केच वसूल होतात? उरलेला खर्च मालाच्या भाड्यातून निघतो. जो पोसतो त्यालाच फलाटावरून हाकलायचं?

मामा : तू म्हणतेस तो माल वेगळा. कोळसा, सिमेंट, खत, लोखंड. तो रेकने येतो. एका रेकला चाळीसच्या वर वाघिणी. एका वाघिणीत साठेक टन, म्हणजे सिमेंटची बाराशे पोती. असा रेक लागला की पन्नास हजारांच्या आसपास पोती माणसांच्या पाठीवरून उतरतात. घड्याळ सुरू असतं, ठरलेल्या तासांत वाघिणी रिकाम्या झाल्या नाहीत तर दर वाघिणीमागे दर तासाला डेमरेज. रात्री-अपरात्री दिवे लावून काम चालतं. तुझ्या शंभर पेट्या त्या हिशोबात धरल्याही जात नाहीत. रेल्वेला पोसणारा माल तो, आणि तो माणसांच्या फलाटावर कधीच येता कामा नये. त्या बाबतीत मी इंचभर हलणार नाही.

मी : इंचभरही?

मामा उठले. ओटीच्या कडेला गेले, खाली अंगणात उभे राहिले आणि कडेवर हात ठेवून दाखवायला लागले.

मामा : हे बघ. प्रवाशांचा उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर. म्हणजे माझ्या मांडीपर्यंत. मालधक्का १,०६५ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे कमरेच्या वर. हा वीतभराचा फरक कशासाठी? वाघिणीची जमीन धक्क्याच्या जवळपास यावी, मध्ये फळी टाकावी आणि पाठीवर पन्नास किलोचं पोतं घेतलेल्या माणसाने सरळ चालत बाहेर यावं, यासाठी. तोच माणूस प्रवाशांच्या फलाटावर उतरवायला लाव. दर खेपेला पोत्यासकट पायरी उतरायची. बाराशे वेळा. युरियाचं पोतं २०१८ पासून पंचेचाळीस किलोचं झालं, म्हणून गुडघे वाचत नाहीत. आणि प्रवाशांचा फलाट धक्क्याइतका उंच करू म्हणशील, तर डब्याच्या पायऱ्या त्याला घासतील. मोजमापातच दोन कामं वेगळी केलेली आहेत.

मी : हे मी मान्य करते. सिमेंट, खत फलाटावर नको. त्याची धूळ तर नकोच.

मामा : धूळ तू लांबून बघितलीस. धक्क्यावर सिमेंट उतरताना माणसं तोंडाला फडकं बांधायची आणि संध्याकाळी ते फडकं धुतलं की पाणी राखाडी व्हायचं. गोव्यात कोळशाच्या वाहतुकीवरून लोक रात्री रुळांवर उतरले ते उगीच नव्हे. चांदरला २०२० मध्ये दुहेरी मार्गाच्या कामाविरुद्ध माणसं जमली, त्यांच्या मनात घरावर बसणारी काळी पूड होती. धक्क्याला स्टेशनापासून अंतर हवं, रस्ता वेगळा हवा आणि अंगावर पाणी घ्यायला नळ हवा. प्रवाशांच्या आधी तो हमालांचा हक्क आहे.

मामा हमालांबद्दल बोलायला लागले की आवाज बदलतो. माथाडी कायदा १९६९ चा. त्याच्याआधीचे धक्के त्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले: मजुरी मुकादमाच्या मर्जीवर, पाय चेचला तर घरी जा. माथाडींना संघटित करणाऱ्या अण्णासाहेब पाटलांचं नाव ते आजही उभ्याने घेतात. फलाट कुणाचा, या वादात आपण प्रवासी आणि व्यापारी एवढे दोनच पक्ष धरतो. पाठीवरून माल नेणारा तिसरा माणूस मला या संभाषणाआधी दिसलाच नव्हता असं नाही, पण माझ्या अर्जात त्याच्यासाठी एकही ओळ नव्हती. आता आहे.

मी : मग रेकचा माल बाजूला ठेवू. पेटीबद्दल बोला. मामा, आमच्याकडचा प्रवासी मालाशिवाय चढतो का हो कधी? मे महिन्यात चाकरमानी परत निघतो तेव्हा त्याच्यापाशी काय नसतं? तांदळाची पिशवी, कोकम, नारळ, आईने बांधून दिलेला फणस, आणि दोन पेट्या आंबे. दुसऱ्या वर्गाला पस्तीस किलो सामान फुकट नेता येतं आणि आमची माणसं त्यातला किलो किलो वसूल करतात. तो फणस चाकरमान्याच्या खांद्यावर असला की सामान, माझ्या हातगाडीवर असला की माल. फलाटाला त्याने काय फरक पडतो?

मामा : चाकरमान्याचा फणस चाकरमान्याबरोबर चालतो. गर्दी पुढे सरकली की तो सरकतो, थांबली की थांबतो. हातगाडीला मालक नसतो. ती गर्दीच्या मधोमध उभी राहते. मी एका मोठ्या स्टेशनात बघितलंय, गाडी लागताना लोक मागे सरले आणि मागे पार्सलांची रास होती. पुढच्याला वाटलं मागे जागा आहे, मागच्याला ठाऊक होतं की नाही. एका बाईच्या पायावर पेटारा आला. बोटं गेली.

मी : ते मोठ्या शहरात.

मामा : मोठ्या शहराकडूनच शिकायचं असतं. ऑक्टोबर २०२४, दिवाळीच्या तोंडावर वांद्रे टर्मिनसला गोरखपूरच्या गाडीसाठी चेंगराचेंगरी झाली, माणसं जखमी झाली. त्यानंतर पश्चिम रेल्वेने सांगितलं की पार्सलं गाडीच्या कितीतरी आधी आणून फलाटावर रचून ठेवू नका. आणि सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावर तेवीस माणसं गेली, त्या चौकशीतही जड बोजे घेऊन चाललेल्या लोकांचा विषय आला होता. जिना अरुंद होता आणि पाऊस होता, हे मुख्य. पण बोजा पडला की त्यामागचा माणूस अडखळतो, हे तुला नाकारता येणार नाही.

मी : नाकारत नाही. पण त्या जिन्यावर मरण आलं ते जिना अरुंद ठेवल्यामुळे. बोजे वाहणारे लोक मुंबईत शंभर वर्षं आहेत. कोळणी टोपल्या घेऊन मालडब्यातून जातात, डबेवाले जेवणाचे डबे घेऊन जातात. त्यांना लोकलमध्ये वेगळा डबा दिला म्हणून ते जमलं. त्यांना फलाटावरून काढून टाकून कुणी प्रश्न सोडवला नाही. सोय केली की माल आणि माणूस शेजारी शेजारी राहतात.

यावर मामा काही वेळ बोलले नाहीत. मला वाटलं, जिंकले. पण ते जुन्या गोष्टीत शिरले होते, आणि त्या गोष्टी दोघांच्याही बाजूला लागू पडत होत्या.

आमच्या बाजूला रेल्वेआधी आगबोट होती. हर्णै-बाणकोटच्या बाजूला बोट लागायची तेव्हा ती लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसं, पोती, कोंबड्या, ट्रंका सगळं एकत्र किनाऱ्याला यायचं. वेगळा प्रवासी धक्का ही कल्पनाच नव्हती. देशावर बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली. तिच्यावर माल होता आणि वारकरी होते. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतला कापसासाठी घातली गेली आणि पुढे तिकडच्या गरीब माणसाची गाडी झाली. छोट्या मार्गांवर तर मिश्र गाड्याच असायच्या: पुढे वाघिणी, मागे दोन-चार प्रवासी डबे, आणि दर स्टेशनात वाघीण काढा-जोडा होईपर्यंत प्रवासी झाडाखाली बसलेले.

मी : बघा. तुमच्याच रेल्वेने दोन्ही एकत्र चालवलं.

मामा : चालवलं. आणि वारीच्या, जत्रेच्या गर्दीत माणसांना मालाच्या वाघिणीत भरून नेलं, हेही तिनेच केलं. देशभर होती ती रीत, आणि तिच्याविरुद्ध लोकांनी तक्रारी केल्या म्हणून ती हळूहळू मोडली. माल आणि माणूस एकत्र ठेवले की सवलत नेहमी मालाला मिळते असं नाही, पण अपमान मात्र नेहमी माणसाच्या वाट्याला येतो. म्हणून मला वेगळं हवंय.

हे वाक्य मला लागलं. मी त्याच्याशी पूर्ण सहमत नाही, तरी लागलं.

माझ्या हातात तेव्हा एकच मोठं उदाहरण उरलं होतं, ते काढलं. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे सुटली. डिसेंबरमध्ये सांगोल्याहून शालिमारला शंभरावी. नाशिकची भाजी, सांगोल्याचं डाळिंब शेतकऱ्यांनी स्टेशनात आणलं आणि पार्सलच्या डब्यांत चढवलं. भाड्यात निम्मी सूट केंद्र सरकारने दिली. लहान शेतकऱ्याला दहा-वीस क्रेट पाठवता यायचे, अख्खा ट्रक करावा लागत नव्हता.

मामा : किती साली म्हणालीस?

मी : २०२०.

मामा : २०२० मध्ये प्रवासी गाड्या कुठे होत्या? फलाट रिकामे, मार्ग रिकामे, डबे रिकामे. डाळिंबाला सगळं मोकळं मिळालं कारण माणसं घरात कोंडलेली होती. पुढे गाड्या पूर्ववत झाल्या, अनुदान संपलं आणि किसान रेल्वे रोडावल्या. त्याच टाळेबंदीत एसटीनेही रत्नागिरीचे आंबे मुंबईला नेले. प्रवासी नव्हता म्हणून. तुझं उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

मी : अर्धंच. सोय केली तर शेतकरी येतो, हे तर सिद्ध झालं ना? मला वाईट कशाचं वाटतं सांगू? कोलाडला १९९९ पासून ट्रक गाडीवर चढतात आणि वेर्ण्याला उतरतात. ते ठीक, मालाचंच काम आहे. २०२५ च्या गणपतीला लोकांच्या मोटारीही चढवल्या. एका फेरीत चाळीस मोटारींची सोय, एका मोटारीला ७,८७५ रुपये, मोटारवाल्यांना बसायला डबा जोडलेला. मोटारीसाठी अख्खी गाडी निघते. माझ्या पेटीसाठी कप्प्याचा कोपरा मागितला की एकेरी मार्ग आठवतो?

मामा : कोलाडला फलाट नाही वापरत गं. रुळाच्या टोकाला उतार बांधलाय, ट्रक मागून चढतो आणि एकामागोमाग एक पुढे सरकतो. वर पंचवीस हजार व्होल्टची तार आहे, म्हणून उंची मोजून घेतात. प्रवासी त्या बाजूला फिरकत नाही. हेच मी सांगतोय, वेगळी जागा. पण तुझा राग चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही.

मी : मग आमच्या वेसवीच्या जंगलजेटीचं काय? बागमांडल्याहून बोट लागते. एकच उतार. त्याच उतारावरून ट्रक, टेंपो, मोटारसायकली, शाळेची मुलं, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका उतरतात. भिंत नाही, वेगळा धक्का नाही. बोटीवरचा माणूस हात वर करतो, माणसं थांबतात, गाड्या सुटतात. मग हात खाली करतो, माणसं सुटतात. वाटून घेतलंय ते वेळेनं.

मामा : आणि त्या माणसाचं सगळे ऐकतात.

मी : हो.

मामा : इथे अडतं ते नेमकं तिथेच. स्टेशनात हात वर करणारा कोण? स्टेशन मास्तर आत सिग्नलवर असतो, समोरून मालगाडी येत असते, तिला लाईन क्लिअर द्यायची असते. मधल्या रुळावर मालगाडी क्रॉसिंगला उभी राहिली की आपले लोक पुलावरून न जाता तिच्या खालून सरपटतात. ती कधी हलेल याची खूण एकच, पुढून कपलिंगचा आवाज डब्यामागून डबा करत येतो. तो तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत वेळ संपलेली असते. मास्तरने त्यांना ओरडायचं की तुझ्या हातगाडीकडे बघायचं? आणि दुसरं ऐक, ते तुला कुणी सांगितलेलं नाही. गाडीतला मालाचा कप्पा बहुतेक वेळा निविदा काढून ठेकेदाराला दिलेला असतो. तो सुरुवातीच्या स्टेशनात भरतो आणि शेवटच्या स्टेशनात उघडतो. खेडला तू फलाटावर शंभर पेट्या घेऊन उभी राहिलीस, थांबा दहा मिनिटांचा मिळाला, हमाल मिळाले, तरी दाराआड दुसऱ्याचा माल असेल.

हे ऐकल्यावर मी अर्जाचा पहिला मसुदा फाडला. तोवर मी फलाटावरची जागा मागत होते. मागायला हवा होता तो कप्प्यातला राखीव वाटा. डब्याच्या एका कप्प्यात चारेक टन माल मावतो. आंब्याच्या दोन महिन्यांत एका ठरावीक गाडीत त्यातला निम्मा खेडसाठी राखला, तर मंडणगड, दापोली आणि खेड या तीन तालुक्यांतल्या माझ्यासारख्या लहान बागायतदारांना आळीपाळीने पुरेल. जे मोठे आहेत त्यांचे ट्रक वाशीला जातातच, त्यांना रेल्वेची गरज नाही. कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये संमती दिली. दुहेरी मार्गासाठी पैसा येईल, अशी त्यामागे सगळ्यांची आशा आहे. तो मार्ग होईल तेव्हा होईल. राखीव वाट्यासाठी रूळ लागत नाही, निर्णय लागतो.

आणि या रेल्वेवर आमचा हक्क आहे असं मी ठामपणे म्हणते. ही रेल्वे झाली तेव्हा चाळीस हजारांवर जमीनमालकांनी जमिनी दिल्या. मधू दंडवते, जॉर्ज फर्नांडिस यांनी ती लावून धरली, श्रीधरन यांनी ती उभी केली, १९९८ मध्ये ती पूर्ण धावू लागली. कोकणच्या मालाला बाजार मिळेल, असं तेव्हा गावोगाव सांगितलं गेलं. प्रवाशाला गाडी मिळाली. इथे पिकणारा आंबा, काजू, कोकम अजून रस्त्यानेच जातो, आणि रुळावरून जातो तो बहुतेक आमच्या गावांना न शिवता पुढे निघून जाणारा माल.

मामांनी दुसरा मसुदा स्वतः सांगितला, मी लिहिला. मालबाबूची भाषा, एकही शब्द वाया नाही. पेट्या गाडीच्या अर्धा तास आधीच फलाटावर येतील, त्याआधी नाहीत. त्या फलाटाच्या टोकाला, मालाचा कप्पा जिथे लागतो तिथेच राहतील, जिन्याच्या किंवा पाण्याच्या नळाच्या जवळ नाही. गाडीला सिग्नल पडला की हातगाडी हलणार नाही. एका दिवशी चाळीसच पेट्या, म्हणजे चार हमालांनी तीन-चार मिनिटांत चढतील, थांबा दोन-तीन मिनिटांनीच वाढवावा लागेल. हमालांची मजुरी माथाडीच्या दराने, आणि ती बागायतदारांनी द्यायची. बिल्टी आदल्या दिवशी तयार. देखरेखीला बागायतदारांपैकीच एकजण रोज फलाटावर हजर राहील आणि वेसवीच्या बोटीवरच्या माणसाचं काम करेल. शेवटची ही अट माझी. मामांनी ती दोनदा वाचून घेतली आणि ठेवली.

मी : चाळीस फार कमी होतात हो मामा.

मामा : चाळीस पेट्या रोज, एकही प्रवासी न चुकता, दोन महिने चढवून दाखव. मग साठ माग. रेल्वेत असंच मिळतं. आणि एक अट राहिली. शिमग्याच्या आठवड्यात पेटी नाही.

मी : का?

मामा : का म्हणजे? पालखीला सगळी मुंबई उतरते. दाराला लोंबकळून येतात. त्या गर्दीत मी तुझी चाळीससुद्धा मान्य करणार नाही.

मी : मामा, पहिल्या पेटीला जो भाव असतो तो पुन्हा वर्षभर नसतो, हे तुम्हाला माहीत आहे. लवकर तयार झालेला आंबा शिमगा ते पाडवा एवढ्यातच निघतो. त्याच आठवड्यात तुम्ही दार लावलंत तर मे महिन्यात, भाव पडल्यावर, मला रेल्वे कशाला? आणि शिमग्याला गर्दी मुंबईहून येणाऱ्या गाडीला असते. माझी पेटी मुंबईकडे जाणार. त्या दिशेची गाडी सणाच्या आधी रिकामी असते.

मामा : सणाच्या आधी. सणानंतर नाही. परतीला तीच गर्दी मुंबईकडे असते.

मी : मग आधी द्या, नंतर बंद ठेवा.

मामा : पालखी गावोगावी वेगवेगळ्या दिवशी. कुठला दिवस आधी, कुठला नंतर, कोण ठरवणार?

हे आमचं जमलेलं नाही. मंडणगड, दापोली आणि खेडमधल्या पालख्या कुठल्या दिवशी कुठे नाचतात त्याची यादी करायला मी घेतली आहे, गाववार. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीला परतीची पहिली गर्दी कधी लागते ते मामा खेडच्या ओळखीच्या लोकांना विचारणार आहेत. अर्जातली ती ओळ तोवर कोरी आहे. बाकीचा अर्ज सहीला तयार असून त्यावर आत्तापर्यंत तीन गावांतल्या बागायतदारांनी सह्या केल्या आहेत. मामांनी प्रवासी म्हणून सही केली आणि नावापुढे कंसात निवृत्त मालबाबू असं लिहिलं.